गोपनीयतेसाठी साधनांची भलीमोठी यादी मिळाली आहे, यातलं खरंच काय बसवू?

शाईचे_बोट

नमस्कार मंडळी. मी घरून मुद्रितशोधनाचं काम करते. लोकांची हस्तलिखितं माझ्याकडे महिनोन्महिने असतात. त्यात आत्मचरित्रं बरीच, म्हणजे दुसऱ्यांच्या घरातल्या गोष्टी माझ्या लॅपटॉपवर.

विचारायचं तात्कालिक कारण मात्र वेगळं आहे. आईच्या एका दुखण्याबद्दल मी लॅपटॉपवर वाचत होते, कुठेही लॉगिन न करता. त्यानंतर त्याच दुखण्याच्या जाहिराती माझ्या फोनवर सुरू झाल्या आणि कहर म्हणजे भावाच्याही फोनवर. आम्ही एकाच वायफायवर आहोत. आईने भावाला अजून काही सांगितलेलं नव्हतं. तो जेवताना सहज म्हणाला, "हे काय सारखं दाखवताहेत मला?" आई आणि मी ताटात बघत बसलो.

ओळखीतल्या एकाने मुक्त सॉफ्टवेअरची, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो त्याची, यादी पाठवली आहे. टॉर, कुठलंसं व्हीपीएन, सिग्नल, कीपासएक्ससी, व्हेराक्रिप्ट, शिवाय ब्राउझरची पाच-सहा एक्स्टेन्शन्स, म्हणजे त्याला जोडायचे छोटे प्रोग्राम. सगळं बसवायचं म्हटलं तर कामं बाजूला ठेवावी लागतील. लॅपटॉपवर विंडोज आहे, फोन अँड्रॉइड. नीट सांगितलं तर करू शकते, पण काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायला लावू नका.

सुरुवात कुठून करू? व्हीपीएन घेतलं की भागतं का? आणि ज्याचा कोड कुणीही वाचू शकतं तो चोरांनाही वाचता येत असणार, मग ते सुरक्षित कसं? जाणकारांनी सांगावं.

निशाचर

टॉर ब्राउझर बसवा आणि मोकळ्या व्हा. बाकी सगळी मलमपट्टी.

सर्व्हरखोली

निशाचर, टॉरवर येतोच, पण ताईंनी तिथून सुरुवात करू नये.

माझी नोकरी वेबसाइट आणि मेलचे सर्व्हर सांभाळण्यात गेली. त्यामुळे या विषयाकडे मी पलीकडच्या बाजूने बघतो. तुम्ही पान उघडता तेव्हा सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, ओळ पडते: तुमचा आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीचा क्रमांक), सेकंदासकट वेळ, कोणती फाइल मागितली, कोणत्या पानावरून आलात, ब्राउझर कोणता, यंत्रणा कोणती. २०११ च्या ऑक्टोबरात गूगलने हळूहळू शोध एन्क्रिप्ट करायला, म्हणजे सांकेतिक रूपात बंद करायला घेतले, त्याआधी तर माणूस काय शोधून आमच्या पानावर आला तेही शब्दच्या शब्द त्या ओळीत असायचं. डॉक्टरला विचारायला लाजतील अशा गोष्टी लोक तिथे बिनदिक्कत लिहायचे, आणि रात्रपाळीचा माणूस त्या वाचू शकायचा. आम्ही सभ्य होतो इतकंच.

आता तुम्ही वाचलेलं ते पान घ्या. ओळ फक्त त्या साइटच्या लॉगमध्ये पडली नाही. जाहिरातवाले, वाचकसंख्या मोजणारे, समाजमाध्यमांची बटणं, फाँट, अशा किती फायली त्या पानात बाहेरून ओढलेल्या असतात. त्या प्रत्येकाच्या सर्व्हरवर तुमची वेगळी ओळ पडली. आणि हेच लोक इतर हजारो साइटींवरही बसलेले आहेत. लॉगिनची गरजच नाही, त्यांनी आधी तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवलेली कुकी, म्हणजे ओळख पटवणारी छोटी चिठ्ठी, पुरते. भावाचं कोडंही बहुधा एवढंच आहे: एका राउटरमागची सगळी उपकरणं बाहेरून एकाच आयपी पत्त्याची दिसतात. रोज त्याच पत्त्यावर दिसणारे दोन फोन आणि एक लॅपटॉप हे एकच घर, हा जाहिरात धंद्यातला सर्रास वापरला जाणारा ठोकताळा आहे.

म्हणून कुठलंही साधन समोर आलं की मी एकच विचारतो: याने माझी ओळ नेमकी कुणाच्या लॉगमध्ये पडायची थांबते? उत्तर मिळालं नाही तर साधन बसवत नाही. या कसोटीवर तुमची यादी झपाट्याने आखडते.

पहिलं काम, फायरफॉक्स ब्राउझर आणि त्यात यूब्लॉक ओरिजिन हे एक्स्टेन्शन. हे २०१४ मध्ये रेमंड हिल या माणसाने आणलं. तो देणग्यासुद्धा घेत नाही. लोक याला जाहिराती घालवायचं साधन समजतात. माझ्या लेखी जाहिरात दिसत नाही हा त्याचा दुय्यम फायदा. खरं काम असं की ओळखीच्या पाळतवाल्या सर्व्हरकडे जाणारी विनंती ते ब्राउझरमधून बाहेरच पडू देत नाही. जी विनंती गेलीच नाही तिची ओळ कुणाकडेही पडत नाही. नाव पूर्ण बघून घ्या, 'ओरिजिन' हा शब्द हवाच. नुसतं 'यूब्लॉक' हे वेगळ्यांच्या हातातलं वेगळं प्रकरण आहे. क्रोममध्ये एक्स्टेन्शनचे नियम बदलल्यापासून पूर्ण आवृत्ती चालत नाही, 'लाइट' नावाची मर्यादित चालते. अँड्रॉइडच्या फायरफॉक्समध्ये मात्र पूर्ण चालते, तेव्हा फोनवरही तोच ब्राउझर घ्या.

फायरफॉक्सने जून २०२२ पासून आणखी एक गोष्ट सर्वांसाठी आपोआप चालू केली आहे. प्रत्येक साइटच्या कुकी वेगळ्या कप्प्यात राहतात. त्यामुळे एखादी जाहिरात कंपनी दोन साइटींवर बसली असली तरी एकीकडची कुकी तिला दुसरीकडे दिसत नाही. तुम्हाला काही करायचं नाही, फक्त सेटिंग ढिली करू नका. फायरफॉक्स स्वतःही वापराची थोडी माहिती त्याच्या निर्मात्यांकडे पाठवतो. सेटिंगमधल्या 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'त जाऊन त्या खुणा काढून टाका.

फोनवर ॲपचा मामला वेगळा. ब्राउझरमधल्या अडवणुकीचा ॲपवर काही परिणाम होत नाही. अँड्रॉइडमध्ये जाहिरातींसाठीचा एक ओळखक्रमांक असतो आणि तो सगळ्या ॲपना सारखाच दिसतो. अँड्रॉइड १२ पासून तो पुसता येतो: सेटिंग, प्रायव्हसी, ॲड्स, तिथे 'डिलीट ॲडव्हर्टायझिंग आयडी'. भावाच्या फोनवरही करा. मग नको असलेली ॲप काढा. कोणत्या ॲपमध्ये कोणाचे पाळतीचे तुकडे आहेत ते एक्सोडस प्रायव्हसी या साइटवर ॲपचं नाव घालून बघता येतं. टॉर्चच्या ॲपला तुमचं ठिकाण कशाला हवं, हा प्रश्न तिथे आपोआप पडतो. पर्याय शोधायला एफ-ड्रॉइड आहे. २०१० पासून चालू असलेलं हे भांडार फक्त मुक्त सॉफ्टवेअर ठेवतं आणि एखाद्या ॲपमध्ये खटकण्यासारखं काही असेल तर तशी खूण त्याच्या पानावर लावतं.

व्हीपीएन म्हणजे तुमचं सगळं येणं-जाणं आपल्या सर्व्हरमधून नेणारी सेवा: तुमच्या ओळी इंटरनेट देणाऱ्या कंपनीऐवजी व्हीपीएनवाल्याच्या हाती जातात, आणि साइटच्या लॉगमध्ये त्याचा पत्ता पडतो. म्हणजे विश्वास एकाकडून काढून दुसऱ्याकडे ठेवला. परक्या वायफायवर किंवा इंटरनेट कंपनीवर अविश्वास असेल तर त्याला अर्थ आहे. पण कुकी जिथल्या तिथे राहते आणि तुम्ही लॉगिन केलंत की नाव सांगितल्यासारखंच. वायरगार्ड हे त्यामागचं मुक्त सॉफ्टवेअर उत्तम आहे, २०२० पासून लिनक्स या यंत्रणेच्या गाभ्यात आहे, जेमतेम चार हजार ओळींच्या कोडचं. पण ते ज्याच्या सर्व्हरवर चालतं तो लॉग ठेवतो की नाही हे तुम्हाला कोड वाचून कळत नाही. 'आम्ही काही नोंदवत नाही' हे जाहिरातीतलं वाक्य आहे. तुमच्या घटनेत यावर वेळ घालवू नका.

टॉर मात्र ही अडचण वेगळ्या तऱ्हेने सोडवतं. कल्पना अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेतली, नव्वदच्या दशकातली. २००६ पासून ना-नफा संस्था ते चालवते. तुमची विनंती तीन वेगवेगळ्या लोकांच्या यंत्रांतून जाते. पहिल्याला तुम्ही कोण ते दिसतं, कुठे निघालात ते नाही. तिसऱ्याला कुठे जायचं ते दिसतं, कोण निघालंय ते नाही. पूर्ण ओळ एकाच्याही लॉगमध्ये नाही. दोन्ही टोकांवर एकाच वेळी नजर ठेवणारा कुणी असेल तर वेळा जुळवून तो अंदाज बांधू शकतो, पण तुमच्या जाहिरातवाल्याची ती ऐपत नव्हे. आईच्या दुखण्याबद्दल वाचणं हा खरं तर टॉर ब्राउझरचा अगदी योग्य उपयोग. तेवढ्यापुरता उघडा, वाचा, बंद करा. त्यात तुमच्या नावाचं मेल उघडलंत तर सगळा खटाटोप वाया. रोजच्या कामाला तो संथ आहे आणि बऱ्याच साइट टॉरला दारातच अडवतात.

सिग्नल या संदेशांच्या ॲपबद्दल एकच सांगतो. २०१६ मध्ये अमेरिकेत व्हर्जिनियाच्या एका ग्रँड ज्युरीने (आरोप ठेवायचे का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने) त्यांच्याकडे वापरकर्त्याची माहिती मागितली. त्यांच्यापाशी देण्यासारखं निघालं ते एवढंच: खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. हा लॉगवाल्या माणसाला पटणारा पुरावा. व्हॉट्सॲपचे संदेशही सिग्नलच्याच प्रोटोकॉलने (कुलूप लावायच्या पद्धतीने) बंद होतात, २०१६ पासूनच. पण कोण कुणाशी कधी बोलतं हे मजकुरात नसतं, ते बाहेरच्या पाकिटावर असतं, आणि ते पाकीट कोण जपून ठेवतं हा प्रश्न आहे. लेखकांशी बोलायला सिग्नल वापरा. नोंदणीला फोन नंबर लागतोच, पण २०२४ पासून समोरच्याला नंबर न देता नुसतं वापरकर्तानाव देता येतं.

कीपासएक्ससी आणि व्हेराक्रिप्ट उद्या लिहितो, हात दुखले.

गणिती_मांजर

सर्व्हरकाकांच्या प्रतिसादाला +१. यादीतल्या त्या पाच-सहा एक्स्टेन्शनांबद्दल भर घालते. ती सगळी घालू नका. कुकी नसली तरी पडद्याचा आकार, फाँट, भाषा, टाइमझोन, ग्राफिक्सच्या बारीकसारीक सवयी यांची मोट बांधून ब्राउझर ओळखता येतो. ईएफएफ या डिजिटल हक्कांसाठी झगडणाऱ्या संस्थेने २०१० मध्ये पॅनॉप्टिक्लिक नावाचा प्रयोग केला होता. त्यात आलेल्या पावणेपाच लाखांच्या आसपास ब्राउझरपैकी ८३.६ टक्क्यांचा ठसा एकमेवाद्वितीय निघाला. अर्थात तिथे येणारे लोक या विषयात रस असणारेच, म्हणजे चिमटे-हातोडे लावून ब्राउझर सजवणारे. गंमत तीच आहे, जितकी सजावट जास्त तितके तुम्ही गर्दीत उठून दिसता. आता त्याच चाचणीचं नाव 'कव्हर युअर ट्रॅक्स'. एकदा स्वतःच्या ब्राउझरवर चालवून बघा.

टॉर ब्राउझर नेमका उलटा विचार करतो, सगळे वापरकर्ते एकसारखे दिसावेत असा. म्हणून त्यात एकही एक्स्टेन्शन घालायचं नसतं, आणि खिडकी ओढून मोठी केलीत तर कडेला राखाडी पट्टे येतात. तो बिघाड नाही.

अवांतर: यादीत 'एचटीटीपीएस एव्हरीव्हेअर' असेल तर यादी जुनी आहे. ते जानेवारी २०२३ मध्ये बंद झालं, कारण साइटशी जोडणी एन्क्रिप्टच हवी हा त्याचा आग्रह आता ब्राउझर स्वतः धरतात.

संशयात्मा

सगळं छान, पण ताईंचा शेवटचा प्रश्न सगळ्यांनी गिळला. कोड उघडा आहे म्हणून सुरक्षित हे ऐकून कान किटले. २०१४ चं हार्टब्लीड आठवा. साइटींशी होणारी देवाणघेवाण एन्क्रिप्ट करणाऱ्या ओपनएसएसएलमध्ये चूक दोन वर्षं उघड्यावर पडून होती, अर्धं जग ते वापरत होतं, वाचलं कुणी?

सर्व्हरखोली

बरोबर बोललात. हार्टब्लीडच्या आठवड्यात आम्ही साइटींची ओळख पटवणारी प्रमाणपत्रं बदलत बसलो होतो, ते विसरणं शक्य नाही. उघडा कोड म्हणजे वाचलेला कोड नव्हे.

पण दुसरी बाजूही सांगतो. मार्च २०२४ मध्ये फायली दाबून लहान करणाऱ्या एक्सझेड नावाच्या लायब्ररीत (इतर सॉफ्टवेअर वापरतं त्या तयार कोडमध्ये) मुद्दाम घुसवलेलं चोरदार सापडलं. घुसवणाऱ्याने त्या प्रकल्पात मदतनीस म्हणून दोन वर्षांहून अधिक काळ विश्वास कमावला होता. पकडलं आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने. त्याला एसएसएचने, म्हणजे दूरच्या यंत्रात लॉगिन करायच्या साधनाने, आत जायला अर्धा सेकंद जास्त लागतोय एवढं खटकलं. तो खणत गेला आणि मुळाशी पोचला, कारण खणायला जागा होती. बंद सॉफ्टवेअर असतं तर त्याने कंपनीला तक्रार पाठवली असती आणि 'आपला अनुभव आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' असं उत्तर आलं असतं.

चोरांना कोड दिसतो याने फारसं बिघडत नाही. कुलूप कसं बनतं हे जगाला माहीत असलं तरी किल्ली तुमच्याकडेच असते. बिघडतं ते दुसऱ्या कारणाने: प्रकल्प कुणाच्या हातात आहे ते बदलतं. 'द ग्रेट सस्पेंडर' हे क्रोमचं एक्स्टेन्शन उघड्या कोडचं होतं, लोकप्रिय होतं. २०२० मध्ये मूळ लेखकाने ते कुणा अनोळख्याला विकलं, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलला ते मालवेअर म्हणून काढावं लागलं. एक्स्टेन्शनला तुम्ही उघडाल ते प्रत्येक पान वाचायची मुभा असते. म्हणून मांजरताई म्हणतात तेच, ढीग नको. मी स्वतः यूब्लॉक ओरिजिन आणि कीपासएक्ससीचं, एवढी दोनच ठेवतो.

आता राहिलेलं. कीपासएक्ससी तुमचे पासवर्ड तुमच्याच डिस्कवर एका एन्क्रिप्ट केलेल्या फाइलमध्ये ठेवतं. सर्व्हर नाही, तेव्हा लॉगही नाही. प्रत्येक साइटला वेगळा, लांबलचक, न आठवणारा पासवर्ड करून ते साठवतं. मला त्याचा खरा उपयोग वाटतो तो वेगळा: ब्राउझरला जोडलं की ते फक्त ज्या पत्त्यासाठी पासवर्ड नोंदवलाय तिथेच भरतं. हुबेहूब दिसणाऱ्या बनावट पानावर तुमचे डोळे फसतील, ते फसणार नाही. ते गप्प बसलं की थांबा आणि पत्ता बघा. मुख्य पासवर्ड मात्र तुम्हाला पाठच करावा लागेल. त्यासाठी फाशांनी निवडलेले सहा शब्द घ्या. ईएफएफच्या यादीत ७,७७६ शब्द आहेत, पाच फाशांच्या प्रत्येक जुळणीला एक. मनाने निवडलेले शब्द चालणार नाहीत, माणूस फिरून फिरून त्याच त्या शब्दांवर येतो. फासे नसतील तर कीपासएक्ससीच असे शब्द काढून देतं.

व्हेराक्रिप्ट तुमच्या हस्तलिखितांसाठी. हे लॉगच्या भानगडीतलं नाही, लॅपटॉप चोरीला गेला तर उपयोगाचं. ट्रूक्रिप्ट हे याच कामाचं जुनं सॉफ्टवेअर मे २०१४ मध्ये अचानक बंद पडलं, त्याच्याच कोडवरून हे २०१३ मध्ये निघालेलं होतं. त्यात एक मोठी बंद फाइल बनवायची. पासवर्ड दिला की ती वेगळ्या ड्राइव्हसारखी उघडते, हस्तलिखितं तिच्यात ठेवायची आणि काम झालं की बंद करायची. पासवर्ड विसरलात तर कुणीही, अगदी ते बनवणारेही, उघडून देऊ शकत नाहीत.

तुमच्या यादीत नसलेली, पण तुमच्या धंद्यात सगळ्यात आधी बघावी अशी गोष्ट: फायलींच्या पोटातली माहिती. तपासलेलं प्रकरण परत पाठवता तेव्हा त्यात तुमचं नाव, बदलांच्या वेळा, कधी कधी खोडलेली वाक्यं आणि शेरेही जातात. लिबरऑफिसमध्ये टूल्स, ऑप्शन्स, सिक्युरिटी इथे 'सेव्ह करताना वैयक्तिक माहिती काढा' या अर्थाची खूण आहे. खोडलेली वाक्यं मात्र तिने जात नाहीत, बदल स्वीकारून किंवा नाकारून संपवावे लागतात. फोटोंचंही तसंच, फोनचा कॅमेरा ठिकाणाचे अक्षांश-रेखांश फोटोत लिहून ठेवतो. एफ-ड्रॉइडवर 'स्क्रॅम्बल्ड एक्झिफ' नावाचं चिमुकलं ॲप ते काढून टाकतं.

शाईचे_बोट

सर्वांचे खूप आभार. फायरफॉक्स आणि यूब्लॉक ओरिजिन दोन्हीकडे बसवलं, जाहिरातींचा क्रमांक दोन्ही फोनांवरचा पुसला. खोडलेल्या वाक्यांचं वाचून जुन्या फायली उघडून बघितल्या. एका लेखकाने मला पाठवलेल्या फाइलमध्ये त्याने आधीच्या संपादकाबद्दल लिहिलेले शेरे जसेच्या तसे होते. मी काही बघितलं नाही असं समजा.

दोन शंका. एका प्रकाशनगृहाच्या साइटवर फायली चढवायचं बटणच दाबलं जात नाही, यूब्लॉकमुळे असेल का? आणि कीपासएक्ससीची फाइल लॅपटॉपवर आहे, फोनवर पासवर्ड कसे मिळणार?

सर्व्हरखोली

बटणाचं यूब्लॉकमुळेच असायची शक्यता दाट. त्याच्या चिन्हावर टिचकी मारा, मोठं पॉवरचं बटण दिसेल. ते बंद केलं की फक्त त्या साइटपुरतं थांबतं, बाकीकडे चालूच राहतं. पान परत लोड करा. कामाच्या साइटवर हे कायम बंद ठेवायला हरकत नाही, तिथे तुम्ही नावानिशीच जाता.

फोनवर कीपासडीएक्स घ्या, तीच फाइल उघडतं. फाइल नेण्यासाठी सगळ्यात सोपं म्हणजे केबल. पासवर्ड रोज बदलत नाहीत, कधीमधी नवी प्रत नेली की झालं. रोजची जुळवणी हवीच असेल तर सध्या वापरता त्या कुठल्याही क्लाउडवर ठेवा. फाइल बंद आहे, आणि फाशांचे सहा शब्द असतील तर ती तिथे पडलेली असली तरी मला झोप लागेल. फक्त एक सांभाळा, नव्या नोंदी एकाच ठिकाणी करा, शक्यतो लॅपटॉपवर. दोन्हीकडे बदल होऊन दोन वेगळ्या प्रती झाल्याच, तर कीपासएक्ससीच्या डेटाबेस मेनूत त्या एकत्र करायची सोय आहे. ती वापरून, उघडून, सगळं जागेवर आहे बघून मगच जुनी प्रत पुसा.

निशाचर

बरं, मलमपट्टी हा शब्द मागे घेतो. पण काका, तुमच्या त्या रात्रपाळीच्या लॉगवर एक वेगळा धागा काढा.

सर्व्हरखोली

नाही काढणार. लोकांनी विश्वासाने विचारलेलं होतं ते.